ईस्टर बेटावरची माणसं खरंच 'संपली' का?

सातवी_ब_ची_आई (रविवार, सकाळी ९:४०)

लेकीला शाळेतून प्रकल्प आलाय: 'निसर्गाचा ऱ्हास आणि संस्कृतींचा अंत'. वर्गातल्या निम्म्या मुलांनी माया संस्कृती घेतली म्हणून हिने ईस्टर बेट निवडलं. दोन संध्याकाळी बसून आम्ही माहिती जमवली. सगळीकडे गोष्ट एकच. बेटावर दाट जंगल होतं, लोकांना दगडी पुतळे उभारायचं वेड लागलं, पुतळे ओढायला झाडं तोडली, झाडं संपली म्हणून होड्या संपल्या, मग अन्न संपलं, मग एकमेकांना मारून खाल्लं आणि संपले.

चार्ट पेपरवर हे सगळं स्केचपेनने लिहून झालं आणि लेक म्हणाली, "आई, संपले तर मग हे कोण?" तिच्या हातातल्या फोनवर त्याच बेटावरच्या उत्सवाचा व्हिडिओ चालू होता. अंगाला रंग फासलेली पोरं केळीच्या खोडांवर आडवी पडून डोंगरउतारावरून सुसाट घसरत होती.

मला उत्तर देता आलं नाही. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते. हे रापानुई लोक कोण, आज कसे राहतात, काय बोलतात? आणि ती झाडांची गोष्ट खरी किती? बुधवारी चार्ट द्यायचाय.

फुकटचा_सल्ला (९:५२)

एकमेकांना खाऊन संपले म्हणता, मग शेवटचा जो उरला त्याला कोणी खाल्लं?

जिलबीसम्राट (९:५५)

जागा धरून ठेवतो. चहा घेऊन येतो.

ग्रहणवेडा (१०:३०)

ताई, मी तिथे जाऊन आलोय. ११ जुलै २०१० चं खग्रास सूर्यग्रहण त्या बेटावरून दिसणार होतं म्हणून आम्ही पाच जणांनी भविष्यनिर्वाह निधीला हात घातला होता. (बायको अजून काढते तो विषय.) चिलीची राजधानी सांतियागोपासून विमानाने पाच-साडेपाच तास, खाली नुसतं पॅसिफिकचं पाणी. चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटर मागे, आणि दुसऱ्या बाजूचं सगळ्यात जवळचं वस्तीचं बेट म्हणजे पिटकेर्न, दोन हजार किलोमीटर पुढे. बेट केवढं, तर १६४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत विमानाची धावपट्टी मात्र राक्षसी. नासाने अंतराळयानाला अडीअडचणीत उतरता यावं म्हणून ती १९८०च्या दशकात वाढवून घेतली.

ग्रहण पावणेपाच मिनिटांचं. त्याबद्दल वेगळा धागा काढीन. इथे सांगायचंय ते घराबद्दल. हंगा रोआ हे तिथलं एकुलतं एक गाव, तिथे आम्ही एका कुटुंबाकडे उतरलो होतो. घरात साठीतली बाई, तिची बहीण आणि दोन नातवंडं. दोघी बहिणी ओट्याशी आपसात रापानुई बोलत. नातवंडांना काही सांगायचं तरी रापानुईतच सांगत. पोरांना सगळं कळायचं, पण उत्तर यायचं स्पॅनिशमध्ये. चार दिवसांत एकदाही उलटं झालं नाही. पुतळे मी शेकडो बघितले, पण परत आल्यावर डोक्यात राहिलं ते हे ओट्यापाशी चाललेलं बोलणं.

तेव्हा ताई, संपले वगैरे काही नाही. २०१७ च्या जनगणनेत बेटाची वस्ती ७,७५० होती, त्यातले निम्म्याच्या आसपास स्वतःला रापानुई म्हणवणारे. तो उत्सव म्हणजे तापाती, दर फेब्रुवारीत असतो. खोडांवरून घसरण्याला 'हाका पेई' म्हणतात. आम्ही जुलैत गेल्यामुळे हुकला. एका अर्थी बरंच झालं, आमच्यातल्या एकाने नक्की बसून पाहिलं असतं.

रोखठोक (११:०५)

लोक जिवंत आहेत हे मान्य. पण म्हणून झाडांची गोष्ट खोटी ठरत नाही. बेटावर ताडाच्या जातीचं जंगल होतं आणि युरोपीय पोचले तेव्हा ते जवळजवळ नव्हतं. मातीतल्या परागकणांचा पुरावा आहे. मुलांना 'जंगल तोडलं की काय होतं' हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? आता जिथे तिथे 'स्थानिकांचा काही दोष नव्हता' म्हणायची फॅशन आलीय.

पांढरीची_माती (११:५०)

रोखठोक, तुमचं अर्धं बरोबर आहे. अर्ध्यावरच थांबलात, एवढंच.

जंगल गेलं हे खरं. माणूस तिथे साधारण इ.स. १२०० च्या सुमारास पोचला. परंपरा सांगते की होतू मातुआ नावाचा राजा होड्या घेऊन अनाकेनाच्या किनाऱ्याला लागला. होड्यांतून कोंबड्या आल्या, केळी आली, आणि उंदीरही आले. त्या ताडांच्या ज्या बिया सापडतात त्यांतल्या बऱ्याच उंदरांनी कुरतडलेल्या आहेत. एकीकडे शेतीसाठी तोड आणि जाळपोळ, दुसरीकडे नवं झाड उगवूच न देणारे उंदीर.

प्रश्न असा की जंगल गेलं म्हणून माणसं मेली का? इथे पुरावा वेगळंच बोलतो. त्यांनी शेताची रीत बदलली. वारा अडवायला दगडी कुंपणाच्या गोल वाफ्यांत झाडं लावली, त्यांना 'मानावाई' म्हणतात. शेतात फोडलेला दगड पसरला, म्हणजे ओल टिकते आणि दगडातलं सत्त्व मातीत उतरतं. त्यात मुख्य पीक रताळी. २०२४ मध्ये उपग्रहचित्रांवरून अशा दगडी शेतांचं नवं मोजमाप झालं, त्यात निघालं की एवढ्या शेतीवर तीनेक हजार माणसं जगू शकत होती. म्हणजे पूर्वी पंधरा-वीस हजारांची वस्ती होती नि ती कोसळली, हे गृहीतकच डळमळीत. त्याच वर्षी पॅरिसच्या संग्रहालयातल्या १५ जुन्या रापानुई व्यक्तींच्या अवशेषांचा जनुकीय अभ्यास आला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण त्यात कुठे सापडली नाही.

५ एप्रिल १७२२, ईस्टरचा रविवार. डच कप्तान याकोब रोखेवेन तिथे पोचला, म्हणून हे नाव. त्याला उपासमारीने खंगलेली माणसं दिसली नाहीत. त्याच्याकडे केळी, ऊस, कोंबड्या घेऊन आलेली धडधाकट माणसं दिसली. पहिल्याच भेटीत त्याच्या लोकांनी गोळ्या झाडून दहा-बारा जण मारले.

बेट खरं रिकामं झालं ते त्यानंतर १४० वर्षांनी. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी सुमारे १,४०० ते १,५०० माणसं पकडून नेली. राजा, त्याचं कुटुंब, पोथ्या वाचणारे जाणते, सगळे त्यात. बाहेरून ओरड झाल्यावर उरलेल्यांना परत पाठवायचं ठरलं, त्यातले बहुतेक वाटेतच गेले. जी मोजकी माणसं बेटावर उतरली ती देवीची साथ घेऊन उतरली. पाठोपाठ क्षय आला. १८७७ मध्ये शिरगणती झाली तेव्हा बेटावर १११ माणसं होती. पुन्हा लिहितो, एकशे अकरा. त्यातल्या ३६ जणांचाच वंश पुढे चालला असं म्हणतात.

आता 'झाडं तोडून संपले' हे वाक्य परत वाचा.

फुकटचा_सल्ला (११:५८)

माझा वरचा विनोद मागे घेतो.

रोखठोक (१२:२०)

१११ चा आकडा मला माहीत नव्हता, प्रामाणिकपणे सांगतो. पण जंगल गेल्यावर होड्या करायला मोठी झाडं उरली नाहीत, खोल समुद्रातली मासेमारी आटली, हे तरी मान्य करा. आणि पुतळे पाडले कोणी? ते काही पेरूवाल्यांनी पाडले नाहीत.

पांढरीची_माती (१२:४५)

होड्यांचं मान्य. पुतळे बेटकऱ्यांनीच पाडले, हेही मान्य. फक्त काळ बघा. रोखेवेनला पुतळे उभे दिसले. १७७४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कूक आला तेव्हा काही आडवे झालेले. उभा पुतळा पाहिल्याची शेवटची नोंद १८३८ ची. म्हणजे पाडापाडीचा बराचसा काळ गोऱ्यांच्या भेटींनंतरचा. गटागटांत भांडणं नक्की होती, त्यांना कोणी संत म्हणत नाही.

सिंधुपुत्र (दुपारी १:१०)

मूळ मुद्दा सगळे विसरताहेत. या बेटावर 'रोंगोरोंगो' नावाची लिपी आहे आणि ती हुबेहूब सिंधू लिपीसारखी आहे!! मोहेंजोदडोच्या मुद्रा आणि या लिपीच्या लाकडी पाट्या शेजारी ठेवा, डोळे उघडतील. आपले पूर्वज तिथवर पोचले होते. पण हे कोणी शिकवणार नाही.

जिलबीसम्राट (१:१२)

चहा घेऊन आलो तोवर शेंगदाणेही लागणार असं दिसतंय.

मोडी_लिपीकार (२:०५)

सिंधुपुत्र, हे शिकवलं गेलंय आणि खोडूनही झालंय, नव्वद वर्षांपूर्वी. १९३२ मध्ये पॅरिसमधल्या गिय्योम द हेवेशी या हंगेरियन गृहस्थांनी दोन्हींतल्या चिन्हांच्या जोड्या लावून दाखवल्या. खळबळ उडाली. १९३८ मध्ये आल्फ्रेद मेत्रो यांनी त्याची चिरफाड केली. मेत्रो त्या बेटावर राहून अभ्यास केलेले. उभा माणूस, मासा, चांदकोर अशी साधी चित्रं जगात कुठल्याही दोन लिप्यांत जुळतात. शिवाय सिंधू लिपी इ.स.पूर्व १९०० च्या आसपास बंद पडली. मधली तीन हजारांहून जास्त वर्षं ती कुठे होती? वाटेतल्या एकाही बेटावर एक अक्षर न सांडता थेट ईस्टर बेटावर कशी उतरली?

पण रोंगोरोंगो स्वतःच इतकी विलक्षण आहे की तिला कुणाचं गोत्र चिकटवायची गरज नाही. जगात आज सव्वीस-सत्तावीस लाकडी वस्तू उरल्यात. रोम, सेंट पीटर्सबर्ग, बर्लिन, लंडन, सांतियागो अशा विखुरलेल्या. बेटावर एकही नाही. वाचायची रीत अशी: खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करायचं, ओळ संपली की पाटी उलटी फिरवायची आणि पुढची ओळ वाचायची. म्हणजे एकाआड एक ओळ डोक्यावर उभी. औताला बैल वळतात तसं, फक्त इथे शेतच फिरवायचं.

१८६४ मध्ये एझेन एरो हा मिशनरी आला, त्याला घरोघरी पाट्या दिसल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत ताहितीचे बिशप झोसां यांनी पाट्या जमवल्या आणि मेतोरो नावाच्या रापानुई मजुराला बसवून वाचून घ्यायचा प्रयत्न केला. तो गायला, बिशपांनी लिहून घेतलं, अर्थ काही लागला नाही. वाचणारे पेरूला नेले गेले आणि तिथेच मेले. 'मामारी' पाटीवरचा एक भाग चांद्रमासाच्या रात्रींचा आहे, एवढं बहुतेक अभ्यासक मानतात. बाकी कुलूपबंद. २०२४ मध्ये रोममधल्या पाट्यांची कार्बन-चाचणी झाली. एकीचं लाकूड पंधराव्या शतकाच्या अखेरचं निघालं, म्हणजे गोरे यायच्या दोनशे वर्षं आधीचं. लाकूड जुनं म्हणजे अक्षर जुनंच असं नाही, पण त्यांनी लिहिण्याची कल्पना गोऱ्यांकडून उचलली नसून स्वतः शोधली असावी या मताला बळ मिळालं.

आपली मोडी शंभर वर्षांत वाचता येईनाशी झाली तरी निदान शिकवणारे आहेत. तिथे थोड्याच काळात सगळं गेलं.

सिंधुपुत्र (२:३०)

तुम्ही पुस्तकी लोक. बसा.

खलाशी_निवृत्त (२:५५)

जहाजावर असताना चिलीतल्या वालपराइसो बंदराला तीनदा जाणं झालं, पण बेटावर नाही. तरी पुतळे कसे हलवले यावर बोलायचा हक्क मला आहे, कारण आयुष्यभर वजनं हलवली.

ताई, तुमच्या चार्टवर ओंडक्यांवरून ओढत नेल्याचं चित्र असेल. ते खोडून टाका. तिथल्या लोकांना पिढ्यान्पिढ्या विचारलं की ते एकच सांगत आलेत: मोआई, म्हणजे हे पुतळे, चालत गेले. संशोधक हसायचे. १९८६ मध्ये पावेल पावेल नावाच्या चेक अभियंत्याने दोर लावून खरा पुतळा उभाच्या उभा डुगडुगत पुढे नेऊन दाखवला. मग हंट आणि लिपो या दोघा पुरातत्त्वज्ञांनी साडेचार टनांच्या आसपासची प्रतिकृती केली. अठरा माणसं, तीन दोर: दोन बाजूंना दोन, मागे तोल धरायला एक. चाळीसेक मिनिटांत शंभर मीटर.

यात चमत्कार काय? भाड्याचं घर बदलताना गोदरेजचं कपाट आपण कसं हलवतो? उचलतो का? एक कोपरा, मग दुसरा कोपरा. कपाट चालतं. वाटेत पडलेले मोआई पाहा, त्यांचा तळ पुढे झुकलेला असतो, चालवण्यासाठीच तसा ठेवलेला. जागेवर पोचल्यावर तळ तासून सरळ करायचे. आमचे सारंग (खलाशांचे मुकादम) हे फोटो बघूनच सांगतील.

निवांत (३:०५)

कपाटाचं उदाहरण एक नंबर. आमच्या मजल्यावरच्या फरशीवर अजून त्या चालीच्या खुणा आहेत.

शेंदूर_आणि_दगड (३:४०)

मला पुतळ्यांच्या डोळ्यांबद्दल सांगायचंय. १९७८ मध्ये अनाकेनाच्या उत्खननात सोनिया हाओआ या रापानुई संशोधिकेला पांढऱ्या पोवळ्याचा डोळा सापडला, लाल दगडाची बाहुली असलेला. तोवर सगळे समजत होते की खोबण्या रिकाम्याच असायच्या. पुतळा खाणीत कोरताना डोळे कोरत नसत. 'आहू' म्हणजे ओट्यावर उभा केल्यावर खोबणी कोरायची आणि डोळा बसवायचा. मग तो दगड राहत नाही, त्या घराण्याचा पूर्वज होतो आणि त्याचं 'माना', म्हणजे त्याची शक्ती, गावावर पडते. म्हणून जवळजवळ सगळ्यांची पाठ समुद्राकडे आणि तोंड वस्तीकडे. समुद्राकडे बघणारे सात ते आहू अकिवीचे, पण ते किनाऱ्यापासून आत आहेत, त्यांच्यापुढेही जुनी वस्ती होतीच.

हे वाचलं तेव्हा मला देवीच्या मुखवट्याला बसवलेले चांदीचे डोळे आठवले. आणि देव्हाऱ्यातले टाक. घरचे पूर्वज आपण बोटभर पत्र्यावर ठेवतो, त्यांनी दहा मीटरचे केले.

मोडी_लिपीकार (३:५५)

तुलना सुंदर आहे, फक्त सिंधुपुत्रांच्या नजरेस पडू देऊ नका.

भाषावेल्हाळ (४:४५)

ग्रहणवेडा यांनी सांगितलेल्या ओट्यापाशी परत येते, कारण माझा विषय तोच. मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी.

रापानुई ही पॉलिनेशियन भाषा, म्हणजे माओरी, हवाईयन, ताहितियन यांची बहीण. १७७४ मध्ये कूकच्या जहाजावर हितिहिती नावाचा ताहितीकडचा तरुण होता, त्याला या लोकांचं बोलणं थोडंफार कळलं. हजारो मैलांवर! अंक बघा: ताही, रुआ, तोरू, हा, रिमा. 'रिमा' म्हणजे पाचही आणि हातही.

'रापा नुई' हे नावसुद्धा त्यांनी स्वतः ठेवलेलं नाही. ते १८६०च्या दशकातलं, ताहितीकडच्या लोकांनी दिलेलं: 'मोठं रापा'. धाकटं रापा फ्रेंच पॉलिनेशियात आहे. मिशनरी ताहितीहून आले, धर्म आला, त्याबरोबर शब्द आले. आज बेटावर पाहुण्याला 'इओराना' म्हणतात आणि आभार मानताना 'माउरुरू', हे दोन्ही ताहितियन. अंकांचाही दुसरा संच ताहितीहून आला. वस्ती शंभरावर आली तेव्हा घरात जे टिकलं ते टिकलं. मग स्पॅनिश आली: शाळा, रेडिओ, दूरदर्शन, पर्यटक, चिलीतून आलेले सूनजावई. १९७०च्या दशकात पोरं अंगणातसुद्धा स्पॅनिश बोलायला लागली. २००० च्या सुमारास तिथल्या शाळेत खालच्या वर्गांना रापानुई माध्यमातून शिकवायला सुरुवात झाली. पण शाळा भाषा शिकवते, घर ती बोलायला लावतं.

आता माझा लाडका मुद्दा. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत ना? "आपण जाऊ" म्हणजे तूही चल, "आम्ही जातो" म्हणजे तू बस. इंग्रजीत हा भेद नाही, स्पॅनिशमध्येही नाही. रापानुईत आहे: 'तातोउ' म्हणजे आपण, 'मातोउ' म्हणजे आम्ही. वर दोघांपुरतं वेगळं: 'ताउआ' म्हणजे तू नि मी, 'माउआ' म्हणजे मी नि तो, तू नव्हेस. संस्कृतातलं द्विवचन मराठीत आलंच नाही, त्यांनी इथे जपलंय. नातवंडांनी स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं की ही चारही सर्वनामं एका शब्दात मावतात. आजी समजतेय की मी 'आपण' म्हणाले, आणि नातवाकडे त्याला वेगळा शब्दच नाही.

फुकटचा_सल्ला (४:५८)

सासरी पहिल्या दिवशी कळलं होतं की 'आम्ही' म्हणजे मी सोडून सगळे. रापानुईतही चालेल हे.

भाषावेल्हाळ (५:०२)

अजून एक घ्या. 'काई' म्हणजे खाणं, जेवण. आणि क्रियापदाआधी हाच 'काई' आला की अर्थ 'नाही केलं'.

फुकटचा_सल्ला (५:०४)

"काय?" "काई." "काई काई?" झालं, आजचं जेवण चुकलं.

वऱ्हाडी_ठेचा (५:१५)

आपल्याकडची पोरं तरी आजीला कोणत्या भाषेत उत्तर देतात म्हणा. माझा पुतण्या 'एकोणसाठ' म्हटलं की तोंडाकडे बघतो.

निवांत (५:२०)

+१. मराठी शाळांचं काय झालंय हे...

व्यवस्थापक (५:२६)

मराठी शाळांवर चार धागे चालू आहेत. कृपया बेटावर परत यावे.

डॉक्टर_खडीसाखर (सायं. ६:१०)

उशिरा आलो, ओपीडी होती. आपल्यापैकी कितीतरी घरांत या बेटाची माती आहे, हे कोणी अजून सांगितलं नाही?

डिसेंबर १९६४ मध्ये कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम बेटावर गेली. त्यांनी मातीचे नमुने गोळा केले. ते माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचले आणि तिथे डॉ. सुरेंद्रनाथ सहगल यांच्या गटाने १९७२ मध्ये मातीतल्या एका जीवाणूपासून एक रसायन वेगळं केलं. बेटाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं रापामायसिन. सहगल जन्माने फाळणीपूर्व पंजाबातले. पुढे कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला, तर गृहस्थांनी तो जीवाणू घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवला. म्हणून औषध वाचलं. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड-रोपणासाठी मान्यता मिळाली. आज आम्ही त्याला सिरोलिमस म्हणतो. हृदयाच्या नळीत घालायच्या काही औषधी स्टेंटवरही हेच औषध असतं.

निवांत (६:२२)

थांबा. बाबांच्या फाइलमध्ये स्टेंटच्या कागदावर हाच शब्द आहे. आत्ता काढून पाहिला. बाबांना सांगितलं, ते म्हणाले, "मग त्या लोकांना काही मिळालं का?"

डॉक्टर_खडीसाखर (६:३०)

बाबांना नमस्कार सांगा. नाही, या औषधाच्या धंद्यातून बेटाला वाटा मिळाला नाही.

पांढरीची_माती (७:०५)

डॉक्टरांनी १९६४ म्हटलं, ते वर्ष फार मोलाचं आहे. ती मोहीम बेटावर उतरली तेव्हा तिथे बंड चालू होतं.

मागची गोष्ट सांगतो. ९ सप्टेंबर १८८८ ला चिलीच्या नौदलाच्या पोलिकार्पो तोरोने बेट चिलीत सामील करून घेतलं. रापानुईंच्या बाजूने आतामू तेकेना हा राजा होता. घरोघरी सांगतात ते असं: राजाने मातीसकट गवताची मूठ उपटली, गवत चिलीवाल्यांच्या हातात दिलं आणि माती स्वतःकडे ठेवली. म्हणजे वरचं वापरा, जमीन आमची. स्पॅनिश कागदात अर्थातच तसं लिहिलेलं नव्हतं.

पुढे चिलीने बेट मेंढपाळीच्या कंपनीला भाड्याने दिलं. १९५३ पर्यंत सगळं बेट म्हणजे मेंढ्यांचं कुरण आणि त्याचे मालक हंगा रोआत भिंतीआड. बाहेर जायचं तर परवानगी. रोखठोक, तोरोमिरो नावाचं झाड फक्त याच बेटावर उगवायचं. शेवटचं रानातलं झाड १९६० पर्यंत गेलं, कुऱ्हाड आणि मेंढ्या दोन्हींमुळे. बाहेर नेलेल्या बियांमुळे वनस्पती-उद्यानांत तेवढं जगलं. कंपनी गेली, तर कारभार नौदलाकडे. चिलीत राहून हे लोक चिलीचे पूर्ण नागरिक नव्हते, मत नव्हतं. १९६४ मध्ये आल्फोन्सो रापू या बावीस वर्षांच्या शिक्षकाने हे जाहीरपणे मांडलं, अटकेची वेळ आली, बायाबापड्या मध्ये उभ्या राहिल्या, आणि शेवटी तोच महापौर निवडून आला. १९६६ च्या कायद्याने नागरिकत्व मिळालं.

ग्रहणवेडा (७:३०)

आणि जमिनीचा वाद अजून मिटलेला नाही. आम्ही परतलो आणि महिन्याभरात एका बड्या हॉटेलची जमीन आमची म्हणून एका घराण्याने ठाण मांडलं. डिसेंबर २०१० मध्ये पोलिसांनी छर्रे झाडले, वीसेक माणसं जखमी. ज्या रस्त्यावरून आम्ही कॅमेरे मिरवत फिरलो तोच रस्ता बातमीत. पुढे मात्र थोडं बदललं. राष्ट्रीय उद्यानाचा कारभार २०१७ पासून 'माऊ हेनुआ' या रापानुईंच्या संस्थेकडे आहे. २०१८ पासून पाहुण्याला तीस दिवसांवर राहता येत नाही. करोनात मार्च २०२० ते ऑगस्ट २०२२ बेट बंद होतं, तेव्हा लोक परत शेताकडे वळले.

शेंदूर_आणि_दगड (७:४८)

लंडनचा पुतळा राहिला. होआ हाकानानाइआ. १८६८ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेने बेटावरच्या ओरोंगो या जागेवरून उचलला, राणी व्हिक्टोरियाला नजर केला, तिने संग्रहालयाला दिला. नावाचा अर्थ 'चोरलेला मित्र' असा लावतात. पाठीवर पक्षिमानवाची चित्रं कोरलेली आहेत: समुद्रातल्या खडकावर पोहत जाऊन कुररी पक्ष्याचं पहिलं अंडं आणायची शर्यत असायची, ज्याचा माणूस जिंकेल तो वर्षभराचा 'तांगाता मानू'. २०१८ मध्ये रापानुईंचं शिष्टमंडळ लंडनला जाऊन पुतळा मागून आलं. अजून तिथेच आहे.

वऱ्हाडी_ठेचा (७:५५)

आपली वाघनखं तरी आली साताऱ्याला २०२४ मध्ये. तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. आपल्याच घरची वस्तू उसनी घ्यायची म्हणजे कमाल आहे.

सिंधुपुत्र (८:०५)

या बाबतीत मी सर्वांशी सहमत. नोंद घ्यावी.

जिलबीसम्राट (८:०६)

धाग्याचं सार्थक झालं.

रोखठोक (८:४०)

सकाळपासून वाचतोय. ताई, उंदीर चार्टवर घ्याच. आणि जंगल गेलं हेही ठेवा, ते पुसू नका. 'म्हणून संपले' एवढं खोडा.

सातवी_ब_ची_आई (मंगळवार, रात्री १०:१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा मोठ्याने वाचतोय घरात. लेकीने जुना चार्ट फाडला नाही, पालथा घातला आणि मागच्या बाजूला नवा केला. एका कोपऱ्यात ताड आणि उंदीर, मधोमध '१११' एवढं मोठं, खाली आजच्या मुलांचं घसरणं. कपाटही काढलंय, बाजूला मोआई, दोघांना पाय.

अडचण दोन. विषय 'संस्कृतींचा अंत' आहे आणि चार्टमध्ये अंतच नाही, बाई मार्क कापतील का हे ती चारदा विचारून झोपली. दुसरी अडचण भाषावेल्हाळ यांच्यासाठी: तिला वर शीर्षक म्हणून त्यांच्याच भाषेतला शब्द हवाय. ती 'मातोउ' लिहायला निघाली होती, म्हणजे 'आम्ही'. बरोबर आहे ना?

भाषावेल्हाळ (१०:३१)

'मातोउ' म्हणजे बोलणारा रापानुई हवा. 'तातोउ' म्हणजे ते आणि ती एकत्र हवेत. ती त्यांच्याबद्दल लिहितेय, तेव्हा तिसरा शब्द लागेल: 'राउआ'. ते लोक.

सातवी_ब_ची_आई (१०:३४)

राउआ. लिहिते पेन्सिलीने, सकाळी ती रंगवेल. उंदीर मात्र फारच गोंडस आलेत.